वाचक विचारतात : लावणी आणि गणपतीच्या मधलं रान

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेले होते : ‘वर्षावन बघायचं असेल तर कोकणातल्या माणसानं भर पावसाळ्यात घर सोडावं.’ त्यावर बरीच पत्रं आली. काहींना ती थट्टा वाटली. आमच्या शेजारच्या आबांनी तर कुंपणावरूनच विचारलं, ‘‘बाई, रान बघूक विमानान कित्या जावक व्हया? माझ्या मांगरामागं काय कमी रान आसा?’’ आबांच्या मांगरामागं खरंच पुष्कळ रान आहे, अधूनमधून एक गवाही तिथे येऊन जातो. पण पत्रं मनापासून लिहिलेली आहेत, तेव्हा या वेळची सगळी जागा त्यांनाच. तीस वर्षं सावंतवाडीत शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे माझी उत्तरं लांबतात. संपादकांनी आता कापायचं सोडून दिलंय.

प्रश्न : नमस्कार बाई. आमची हापूसची दोनशे कलमं आहेत. मोहर आल्यापासून मे संपेपर्यंत एक दिवस घर सोडता येत नाही. मिस्टर ५९ वर्षांचे, मी ५४. टीव्हीवर दाखवतात तसलं मोठं वर्षावन एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. एका टूरवाल्यानं सिंगापूर-मलेशिया सहा रात्रींचं सांगितलंय, त्यात ‘एक दिवस रेनफॉरेस्ट’ आहे. घ्यावं का? आणि पावसात जाऊन दिसणार काय? — एक बागायतदारीण, देवगड

उत्तर : वहिनी, घेऊ नका.

हे मी अनुभवानं सांगते. २०१४ मध्ये असंच पॅकेज घेऊन मी आणि माझी ताई गेलो होतो. टूरवाल्याचं नाव लिहीत नाही, त्याचा धंदा त्याला लखलाभ. सकाळी क्वालालंपूरहून बस निघाली, साडेतीन-चार तास रस्ता, मग जेवण, मग रांगेत उभं राहून झुलता पूल, आणि साडेतीनला ‘चला चला, बस निघाली.’ रानात पाय ठेवला तो जेमतेम दोन तास. तेही दुपारी, जेव्हा रानातलं चिटपाखरू हलत नाही. परतताना ताई म्हणाली, ‘‘एवढ्यासाठी पासपोर्ट काढला होय गं?’’ मग २०१८ च्या जुलैत आम्ही दोघीच, कुणा टूरवाल्याशिवाय, पुन्हा गेलो आणि चार रात्री राहिलो. खाली लिहिलंय ते बहुतेक त्या चार रात्रींचं.

आधी पावसाचं, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गाठ तीच आहे. जागा मलेशियातली तामान नेगारा. मलय भाषेत या शब्दांचा अर्थच ‘राष्ट्रीय उद्यान’. इंग्रजांनी १९३८-३९ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याच्या नावानं ते राखून ठेवलं, स्वातंत्र्यानंतर नाव बदललं. क्षेत्र ४३४३ चौरस किलोमीटर. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५२०७ चौरस किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा. या रानात मोठा पाऊस पडतो तो नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी. ज्या ईशान्य मोसमात तमिळनाडू भिजतं, त्याच मोसमात. आपल्याला झोडपणारा नैर्ऋत्य मोसम तिथेही असतो, पण मध्ये सुमात्रा बेट आडवं येतं, जसा आपला सह्याद्री देशावरच्यांना आडवा येतो. म्हणून जून, जुलै, ऑगस्टमध्ये तिकडे त्यातल्या त्यात कोरडं. कोरडं म्हणजे आपल्या मे महिन्यासारखं नव्हे. दुपारी तीन-चारला ढग दाटतात, तासभर धबाधबा पडतो, संध्याकाळी पुन्हा लख्ख. आपल्याकडे अंगणात शेवाळ धरतं तेव्हा तिथल्या पायवाटा चालण्याजोग्या असतात.

आता गंमत ऐका. क्वाला तहान म्हणून त्या उद्यानाच्या तोंडाशी गाव आहे, तिथे वर्षाला पाऊस किती, तर साधारण २२०० मिलिमीटर. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर पडतो आणि आमच्या आंबोलीला सात हजारांच्या घरात! मग वर्षावन त्यांच्याकडे आणि आपल्याकडे ऐन, किंजळ मार्च-एप्रिलमध्ये बोडके, असं का? कारण पाऊस किती पडतो याला तेवढं महत्त्व नाही, किती महिने पडत नाही याला आहे. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत ओतला जातो आणि पुढे आठ महिने विहिरीचा तळ बघायचा. तिथे एकही महिना कोरडा जात नाही. कोपेन या हवामानशास्त्रज्ञानं वर्षावनी हवामानाची खूणच ती ठरवली, की सर्वांत कोरड्या महिन्यातही निदान ६० मिलिमीटर पाऊस हवा. त्यामुळे तिथल्या झाडाला पान गाळून जीव वाचवायची वेळ येत नाही. सगळ्या झाडांनी एकदम पालवायचं, एकदम झडायचं असा शिस्तीचा कार्यक्रम तिथे नाही. एक फुललंय, शेजारचं फळलंय, तिसरं पानं टाकतंय. कलमांच्या मालकिणीला हे बघायला मजा येईल.

तर तुमची तारीख. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कलमांना खतं घालायची असतील, मग भाताची लावणी. लावणी आटपली की गणपतीच्या तयारीला लागेपर्यंत जो तुकडा उरतो, तो तुमचा. कल्टार (मोहर यावा म्हणून कलमांच्या मुळाशी द्यायचं औषध) घालायचं काम याच दिवसांत येतं हे मला माहीत आहे, पण ते भरवशाच्या गड्यावर सोपवता येत असेल तर जुलैचा शेवटचा आठवडा धरा. नसेल तर लावणीच्या आधी, जूनच्या मध्यावर. फक्त तिथल्या शाळांच्या सुट्ट्या टाळा, त्या दिवसांत पुलावर आपल्या एसटी स्टँडसारखी गर्दी असते.

जायचं असं : मुंबईहून क्वालालंपूरला थेट विमान आहे, पाच-सव्वापाच तास. घड्याळ अडीच तास पुढे करायचं. रात्री उतरलात तर झोप शहरातच काढा, लगेच रस्त्याला लागू नका. दुसऱ्या दिवशी जेरांतुट या गावापर्यंत रस्ता, दोनशे किलोमीटरच्या आसपास. रोख पैसे जेरांतुटलाच काढून ठेवा, पुढे भरवसा नाही. तिथून क्वाला तहानला दोन वाटा. एक डांबरी, दीडेक तासाची. दुसरी तेंबेलिंग नदीतून लांबट लाकडी होडीनं, साठेक किलोमीटर, प्रवाहाविरुद्ध अडीच-तीन तास. होडी चालू आहे का ते आधी चौकशी करून ठरवा, पाणी फार उतरलं किंवा प्रवासी कमी भरले की तिचं काही खरं नसतं. मिळाली तर मात्र होडीच घ्या. जाताना होडी, येताना रस्ता. उलट केलंत तर मजा निम्मी जाते, कारण रान हळूहळू दोन्ही बाजूंनी जवळ येतं ते त्या होडीतच कळतं. पहिला तासभर तेलताडाचे मळे आणि घरं, मग घरं संपतात, मग काठावर म्हशी डुंबताना दिसतात, मग म्हशीही नाहीत. काचेच्या बाटलीसारखं हिरवं पाणी असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ते चहासारखं निघालं, दूध घातलेल्या.

राहायला नदीच्या दोन्ही बाजूंना सोय आहे. पलीकडे, उद्यानाच्या काठाला महागडा रिसॉर्ट, अलीकडे गावात साध्या खोल्या. गावातच राहा. नदी ओलांडायला छोटी होडी असते, आम्ही गेलो तेव्हा माणशी एक रिंगिट. आपल्या तरीसारखाच कारभार, तांडेल हात दाखवला की येतो.

किती रात्री? चार. तीनवर आणू नका. पहिला दिवस अंग सरावण्यात जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून लाकडी फळ्यांच्या वाटेनं बुकित तेरेसेक टेकडी चढा. टेकडी लहानच आहे, पण दमटपणामुळे आपल्या विशाळगडापेक्षा जास्त दमवते. त्याच अंगाला झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेला तो प्रसिद्ध झुलता पूल, जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंचावर. दुरुस्तीसाठी त्याचा काही भाग, कधी सगळाच, बंद असतो, तेव्हा कचेरीत आधी विचारा. गेलात तर उघडताक्षणी जा, माणसामाणसात अंतर ठेवून सोडतात आणि मागे शाळेची पोरं असली की पूल पाळण्यासारखा हलतो. ताईनं डोळे मिटून अर्धा पूल पार केला. मग एकदा उघडले आणि म्हणाली, ‘‘अगं, सगळं वरच आहे की!’’

ते खरंच आहे, वहिनी. हे तेवढं समजून गेलात तर निराशा होणार नाही. त्या रानाची वस्ती माडीवर आहे. जमिनीपर्यंत ऊन पोचतं शेकडा एक-दोन टक्के, म्हणून खाली गवत नाही, आणि गवत नाही म्हणून ताडोबासारखे हरणांचे कळप नाहीत. फुलं, फळं, कोवळी पानं सगळी वर, तर खाणारेही वर. वाघ आहे, हत्ती आहे, गवा आहे, टपीर (आखूड सोंडेचं, डुकरासारखं दिसणारं जनावर) आहे, पण पाहुण्यांना बहुधा दिसत नाहीत. जीप-सफारी हा प्रकारच नाही. ज्याला चार दिवसांत वाघाचा फोटो हवा त्यानं तिकडे जाऊच नये. तुम्हाला दिसतील ती मुळं. फळ्या उभ्या केल्यासारखी, माणसाच्या उंचीच्या वरपर्यंत चढलेली आधाराची मुळं. त्या मातीत कस फार वरच्या थरात असतो, म्हणून मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात आणि मग एवढं धूड सावरायला टेकू लागतो. तुआलांग नावाचं एक झाड मुद्दाम बघा. ऐंशी मीटरपर्यंत जातं, फांद्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. आणि कूळ कुठलं म्हणाल, तर आपल्या चवळी-वालाचं! मी बुंध्याला हात लावून उभी राहिले आणि परसातला वालाचा मांडव आठवला.

तिसऱ्या रात्रीसाठी एक सुचवते, पण मिस्टरांचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. रानात लाकडी लपणं आहेत, त्यांना तिथे ‘बुंबुन’ म्हणतात. उंच खांबांवर खोली, आत फळ्यांचे पलंग, समोर मोकळी जागा. तिथल्या खारट मातीला जनावरं चाटायला येतात. परवाना घेऊन रात्रभर राहता येतं. पाणी, खाणं, चादर सगळं आपलं न्यायचं. आम्ही बुंबुन कुंबांगला राहिलो. होडीनं वर जाऊन मग पाऊण-एक तास चाल. पाळी लावली होती, दोन-दोन तास. माझ्या पाळीत मी चार तास जागले. वटवाघळं, एक उंदीर (तो आत, आमच्या बिस्किटांवर), आणि रातकिड्यांचा असा आवाज की करवतीच्या गिरणीत बसल्यासारखं. दोनला ताईला उठवलं आणि आडवी झाले. सकाळी ताई शांतपणे चहाची भुकटी चघळत होती. म्हणाली, ‘‘तीनला एक आलं होतं. पुढून काळं, मध्ये पांढरं, मागून परत काळं. तुला हाक मारली, तू घोरत होतीस.’’ टपीर! मी आजतागायत टपीर पाहिलेलं नाही आणि ताई सणासुदीला जेवणाच्या पंगतीत हे सांगते.

चौथा दिवस लाता बरकोहच्या धबधब्याला द्या. होडीनं तहान नदीतून, दोन्ही काठांची झाडं वर एकमेकांत मिसळलेली. या नदीत केला नावाचा मासा राखला आहे, आपल्या खडस मत्स्याच्या नात्यातला. मिस्टर मासे खाणारे असतील तर त्यांना बघूनच समाधान मानावं लागेल. बाकी ‘आदिवासी पाडा भेट’ म्हणून तासाभराचा कार्यक्रम विकतात. बातेक लोकांकडे नेऊन फुंकनळी मारून दाखवतात, पर्यटक फोटो काढतात. मला ते बघवलं नाही. आपल्या कातकरी वाडीत कुणी कॅमेरे घेऊन उतरलं तर आपल्याला कसं वाटेल, असं मनात आलं. तुम्हाला जायचं तर जा, पण विचारल्याशिवाय फोटो नको.

आणि एक. जून ते ऑगस्ट हा तिकडे दुरियानचा हंगाम. फणसाचा काटेरी चुलता म्हणा. वासामुळे कित्येक हॉटेलांत आत न्यायला बंदी असते. आम्हाला कापा-बरक्याची सवय, म्हणून मी ऐटीत खाल्लं. चव कांदा घातलेल्या बासुंदीची. ताई म्हणाली छान आहे. हापूसवाल्यांचं मत काय पडतं ते मला जरूर कळवा.

कागदपत्रं थोडक्यात : डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची असते, तिकीट काढण्याआधी चालू आहे का ते पाहा. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा.

प्रश्न : आम्ही माळकरी आहोत. कांदा-लसूण चालतो, पण मासे-मटण नाही. मुलगा क्वालालंपूरला नोकरीला आहे आणि तो आम्हाला त्या जंगलात नेणार म्हणतो. तिथे खायचं काय? — एक वाचक, राजापूर

उत्तर : शहरात चिंता नाही, तमिळ मंडळींची शाकाहारी हॉटेलं पुष्कळ. अडचण क्वाला तहानला. तिथे नदीवर तराफ्यांवर हॉटेलं तरंगतात, जागा फार सुंदर, पण भाजी म्हणून जे येतं त्यात ‘ब्लाचान’ असू शकतं. म्हणजे वाटलेली, आंबवलेली सुकट. कांगकुंग नावाची पालेभाजी ते आवडीनं देतात. ती आपली नाळीची भाजी, ताजी, करकरीत, आणि नेमकी तिच्यातच सुकट. ‘नासी लमाक’ नाव ऐकून घाबरू नका, तो नारळाच्या दुधातला भात आहे, आपल्याला अगदी घरचा. पण बाजूला तळलेल्या बारीक मासळ्या आणि सांबल येतो. नुसता भात, शेंगदाणे, काकडी वेगळी मागा. रोटी चनाय म्हणून पापुद्र्यांचा मैद्याचा पराठा मिळतो, बरोबरची डाळ विचारून घ्या. मुलाला भाषा येत असेल तर हे सगळं त्याच्यावर सोपवा. घरून मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि थोडे पोहे न्या. आम्ही कुळथाच्या पिठाचा डबा नेला होता, खोलीत किटली होती, पिठल्याचा प्रयोग किटलीत केला. तो तुम्ही करू नका. किटली भरून द्यावी लागली.

प्रश्न : जळवांची भीती वाटते. शिवाय मधुमेह आहे. जाऊ का नको? — एक वाचक, लांजा

उत्तर : जळवांसाठी मागे हटू नका, मधुमेहासाठी डॉक्टरांना विचारा. दोन्हींचा संबंध एवढाच, की जळू चावलेली जखम बारीक असली तरी खाजवून चिघळते आणि मधुमेहात ते परवडत नाही.

जळू म्हणजे काय हे आंबोली-चौकुळात पावसात गेलेल्याला सांगायला नको. तिकडे दोन तऱ्हा. एक तपकिरी, जमिनीवरची, ही चावली कळतच नाही. दुसरी पट्ट्यांची, पानांवर बसते, कमरेपर्यंत येते आणि चावली की कळतं. लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून जळू गळून पडल्यावरही रक्त वाहत राहतं. भरपूर वाटतं, पण घाबरण्याइतकं नसतं. काढायची कशी? आपल्याकडे मीठ, तंबाखू, चुना, काडी लावणं, सगळं चालतं. ते करू नका, ती ओकते आणि जखम घाण होते. नख चामडीला लावून आडवं सरकवा, तोंड सुटतं, मग टिचकी. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे तिथेही मिळतात, इथून शिवून घेतलेत तर उत्तम.

जळवांपेक्षा मला डासांची जास्त काळजी आहे. डेंग्यू तिकडे आहे, आणि माकडांमधून डासांकरवी माणसाला होणारा एक मलेरियाही मलेशियात आढळतो. संध्याकाळी पूर्ण बाह्या, मलम, मच्छरदाणी. गोळ्या घ्यायच्या का, ते निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टर ठरवतील, केमिस्ट नाही. लेप्टोचं (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचं) तर आपल्याला काय सांगायचं, पायाला भेग असेल तर साचलेल्या पाण्यात अनवाणी नको. परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते ‘मलेशियाच्या रानात जाऊन आलोय.’ इथल्यांना दोडामार्ग-बांद्याकडच्या माकडतापामुळे हे माहीत आहे. २०१६ पासून आमच्याकडे तापाच्या माणसाला ‘रानात गेला होतास का’ हेच आधी विचारतात.

प्रश्न : आंबोली हे वर्षावन आहे की नाही? मित्राशी पैज आहे. — एक विद्यार्थी, कुडाळ

उत्तर : पुस्तकी अर्थानं नाही. म्हणजे तुमचा मित्र जिंकला, किंवा तुम्ही, कोण काय म्हणालं ते लिहिलेलंच नाही. तिथलं रान सदाहरित आणि निमसदाहरित यांचं मिश्रण. अंजनी, जांभूळ, पिसा ही मंडळी. वर लिहिलेली आठ महिन्यांची कोरड आड येते.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. पासपोर्ट नाही, काढायची इच्छाही नाही. विमानाची भीती. देशातल्या देशात, रेल्वेनं जाण्याजोगं खरंखुरं वर्षावन सांगा. चांदोली जवळ आहे ना? — एक दांपत्य, सावर्डे

उत्तर : चांदोली नकाशावर जवळ आहे. २००४ चं राष्ट्रीय उद्यान, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, आणि त्याचा काही तुकडा तर तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात. पण पर्यटकांचं दार घाटावरून, वारणेच्या अंगानं. तुमच्या सावर्ड्याहून घाट चढून वळसा घालून जावं लागतं, पावसाळ्यात बंद. आणि तेही निमसदाहरितच. जा जरूर, पण तुम्ही जे मागताय ते नव्हे.

तुमच्यासाठी सायलेंट व्हॅली. केरळात, पालक्काड जिल्ह्यात. आणि ही जागा कोकण रेल्वेला जणू बांधून दिलेली आहे. चिपळूण किंवा रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडा, शोरनूरला उतरा. मध्ये एकदाही गाडी बदलायची नाही. रात्र गाडीत, गोकर्ण-उडुपी झोपेत जातं. शोरनूरहून मन्नारक्काडला रस्त्यानं, तिथे मुक्काम, आणि मन्नारक्काडहून पुढे मुक्काली हे वनखात्याचं ठाणं. तिथून खात्यानं ठरवलेल्या जीपनं, सोबत वाटाड्या, तेवीस किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत. आतल्या रानात रात्री राहायला मिळत नाही, सकाळी जायचं आणि दुपारपर्यंत यायचं. जीपची संख्या ठरलेली, म्हणून आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. आणि पहिली जीप घ्या. दहानंतर आत गेलात तर आवाज ऐकू येतो तो पुढच्या जीपचा.

सैरंध्री हे नाव वाचून थबकलात ना? द्रौपदीचं विराटाघरचं नाव. आणि खालून वाहणारी नदी कुंती. पांडव वनवासात इथे आले होते असं तिथले लोक सांगतात. (पांडव कुठे आले नव्हते, हा एक वेगळा विषय होईल.) ‘सायलेंट’ कशावरून, याच्याही दोन गोष्टी ऐकाल. एक, की इथे रातकिडे ओरडत नाहीत. दुसरी, की सैरंध्रीचाच साहेबी अपभ्रंश. पहिली गोष्ट मला सांगणाऱ्या वाटाड्याचा आवाज रातकिड्यांच्या किर्रर्रमध्ये नीट ऐकू येत नव्हता.

हे रान आज उभं आहे ते भांडून. सत्तरच्या दशकात कुंतीवर वीजप्रकल्पाचं धरण होणार होतं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेची मंडळी आणि सुगतकुमारींसारखे कवी रस्त्यावर उतरले, देशभर वाद पेटला, शेवटी प्रकल्प सोडून दिला गेला आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. गाभ्याचं क्षेत्र फक्त ८९.५२ चौरस किलोमीटर. तामान नेगाराच्या मानानं परसातली वाडी. पण अखंड, कुऱ्हाड फारशी न लागलेलं.

तिथे दिसण्याजोगा मानकरी म्हणजे सिंहपुच्छ वानर. काळंभोर अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. तो राहतो फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याचं पोट चालतं मुख्यत: कलेनिया नावाच्या झाडावर. काटेरी फळं, सरळ खोडा-फांद्यांना लगडलेली. मल्याळी लोक त्याला वेडिप्लावु म्हणतात, आणि प्लावु म्हणजे फणस. झाड मात्र दुरियानच्या कुळातलं. जीपमधून वर बघत राहा, फळांची टरफलं खाली पडलेली दिसली की थांबायला सांगा. मला याच युक्तीनं सात दिसले, आणि मी या वेळी घोरत नव्हते.

सैरंध्रीला लोखंडी मनोरा आहे, वर चढलं की डोळ्यांपुढे एकही घर, एकही तार नाही. चढताना गुडघे बोलतात, सावकाश जा. पुढे दीडेक किलोमीटर उतरून कुंतीवरचा पूल. उतार सोपा, चढ तुमच्या वयाला घाम काढेल, एक जण वर थांबला तरी चालेल.

कधी? डिसेंबर ते मार्च. पावसाळ्यात तिथे दरडी येतात, आणि आपल्या रेल्वेचंही पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, कुठे रुळावर माती आली की रात्र एखाद्या स्टेशनात. म्हणजे तुमचा हंगाम देवगडच्या वहिनींच्या बरोबर उलटा. शिमग्याच्या आत उरका. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, खालच्या बर्थसाठी त्याच सकाळी बसा. नाताळच्या आठवड्यात ही गाडी गोव्याच्या लोकांनी फुटते.

प्रश्न : छत्री न्यावी की रेनकोट? — एक वाचक, दापोली

उत्तर : दोन्ही नको. तिकडच्या दमट हवेत रेनकोट घातला की आतून घामानं भिजता, म्हणजे भिजणं चुकत नाहीच. छत्री वेतांच्या काट्यांत अडकते. लवकर वाळणारे कपडे घालून सरळ भिजावं, आणि एक कोरडा जोड, मोजे, औषधं, पासपोर्ट हे दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत दुसरी, घट्ट गाठ मारून. कॅमेऱ्याच्या पिशवीत तांदळाची पुरचुंडी. चामड्याचे बूट नेऊ नका, चौथ्या दिवशी त्यांवर बुरशी उगवते. सर्वांत चांगली सोय अर्थात आमच्या आजीचं इरलं. दोन्ही हात मोकळे, खालून वारा, पाठ कोरडी. पण ते विमानात कुठे ठेवायचं, आणि त्या झुलत्या पुलावर इरलं घातलेली बाई समोरून आली तर मलेशियाची शाळकरी पोरं काय करतील, याचा विचार करून मी ते पडवीतच ठेवलं.